घाणेरी पेटवून संपत नाही

पालघर जिल्ह्यातल्या चिंचणीचा किनारा सोडून कासा-तलासरीच्या डोंगरांकडे निघालं की रस्त्याकडेला, पडीक माळावर, विरळ रानात घाणेरीची झुडपं भेटतात. तिचा विषय निघाला की कुणीतरी ठामपणे सांगतंच, ‘‘काडी लावा, संपेल.’’

नाही संपत. जळतो तो वरचा पाला आणि फांद्या. जमिनीलगतचं बूड शाबूत राहतं आणि पावसाळ्यात त्याला जोमदार फुटवे येतात. जळतं ते भलतंच: जाळीत कसंबसं तगलेलं ऐनाचं नि खैराचं रोप, गवताचं बी. मोकळ्या झालेल्या जागेवर ऊन पडतं आणि बुलबुलांच्या विष्ठेतून आलेलं घाणेरीचंच बी आधी रुजतं. तिची वाळकी जाळी पुढच्या वणव्याचं सरपण होते. संशोधक अंकिला हिरेमठ आणि भरत सुंदरम यांनी २००५ साली आग आणि घाणेरीच्या याच चक्राची मांडणी केली. तरी उन्हाळा आला की काडेपेटी निघतेच!

कोयत्याने वरवर छाटणं हा त्याच जातीचा उपाय. दिल्ली विद्यापीठाच्या सी. आर. बाबू यांची पद्धत वेगळी आहे: मुख्य मूळ जमिनीखाली ३ ते ५ सेंटीमीटरवर कुदळीने तोडायचं आणि झुडूप उलटं ठेवायचं, म्हणजे ते पुन्हा मूळ धरत नाही. हे फळं धरण्याआधी. नंतर तिथे देशी गवत वाढवायचं आणि उगवणारी घाणेरीची रोपं पुढचे पावसाळे उपटत राहायचं. कंटाळवाणं आहे, पण दुसरा सोपा रस्ता नाही.

बाकीचे गैरसमज थोडक्यात.

‘‘ती इथलीच.’’ मूळ अमेरिकेच्या उष्ण प्रदेशातली. एकोणिसाव्या शतकाच्या सुरुवातीला इंग्रजांनी कोलकात्याच्या वनस्पती उद्यानात शोभेसाठी आणली.

‘‘डोंगर हिरवा तर राहतो.’’ कुडाला कारवी लागते, गुरांना गवत. घाणेरीच्या जाळीखाली दोन्ही वाढत नाहीत.

‘‘फुलपाखरं येतात.’’ मध प्यायला. त्यांच्यातल्या बहुतेकांच्या अळ्यांना खायला देशी झाडंच लागतात.

‘‘गुरं खाऊन संपवतील.’’ सहसा तोंड लावत नाहीत. खाल्लीच तर यकृत बिघडतं आणि उन्हात कातडी सोलवटते.

‘‘कीड सोडा.’’ १९४१ मध्येच तिच्यासाठी परदेशी कीटक आणला होता. घाणेरी आहे तिथेच आहे.

‘‘असून असून किती असणार?’’ २०२०च्या अभ्यासानुसार भारतातल्या वाघांच्या अधिवासाचा सुमारे ४० टक्के भाग तिने व्यापलाय.

‘‘हे वनखात्याचं काम.’’ एकट्या खात्याचं नाही. सामूहिक वनहक्क असलेल्या ग्रामसभेला आपलं रान राखण्याचा आणि वाढवण्याचा अधिकार २००६च्या वनहक्क कायद्यानेच दिलाय. घाणेरी उपटायचा ठराव करायला ग्रामसभा कुणाच्या आदेशाची वाट का पाहील?