रात्री काट्यावर कोण असतं?

रॉकी लिनक्स ९ च्या डीव्हीडीवरून इन्स्टॉलेशन सुरू केलं की ‘सॉफ्टवेअर सिलेक्शन’मध्ये ‘सर्व्हर विथ जीयूआय’ आधीच निवडलेलं दिसतं. बारामती-इंदापूर भागात पतसंस्था, कॉलेजं, कारखाने यांचे सर्व्हर बसवणारे आम्ही आधी ते काढतो. ज्या मशीनला मॉनिटरच जोडलेला राहणार नाही, तिच्यावर डेस्कटॉप कशाला? खरा प्रश्न त्यापुढचा: नुसतं ‘सर्व्हर’ घ्यायचं की ‘मिनिमल इन्स्टॉल’?

३० जून २०२४ ला सेंटओएस ७ ची मुदत संपली. सुरक्षेच्या दुरुस्त्या थांबल्या आणि वर्षानुवर्षं बिनतक्रार चाललेली मशीन रॉकीवर नेणं भाग पडलं. तेव्हापासून हा प्रश्न सारखा समोर येतो.

बारामती एमआयडीसीतल्या एका कंपनीचा सर्व्हर थेट इंटरनेटवर आहे. तिथे मिनिमलच. बॅश, डीएनएफ, कर्ल, एसएसएच, फायरवॉल आणि साधा व्हीआय, जवळपास एवढ्यावर मशीन उभी राहते. आरसिंक नाही, डब्ल्यूगेट नाही. लागेल ते मागून घालायचं. जे बसवलंच नाही, त्यात भोक सापडायची धास्ती नाही. आणि काही अडलंच तर मी गावातच आहे.

इंदापूर तालुक्यातल्या एका साखर कारखान्याच्या काट्यावर मात्र हे गणित चालेना. गाळप हंगामात काटा रात्रंदिवस सुरू असतो. ट्रॅक्टर-ट्रॉली भरलेली वजन होते, ऊस उतरवून परत रिकामी वजन होते. दोन्हींतल्या फरकावर शेतकऱ्याचं बिल. सर्व्हर थांबला की वाहनांची रांग रस्त्यावर येते, आणि तोडलेला ऊस तसाच वाळत राहतो. वजन घटतं, उतारा घटतो. काट्यावरच्या क्लार्कनं मला सरळ विचारलं, “सर, तुम्ही बारामतीत. रात्री दोनला बंद पडलं, तर आम्ही काय करायचं?”

मिनिमलच्या बाजूनं माझ्याकडे बरेच मुद्दे होते, पण या प्रश्नाला त्यांतला एकही लागू पडत नव्हता. तिथे मी ‘सर्व्हर’ घेतलं.

त्यासोबत कॉकपिट येतं. लॉगिन करताच ते चालू करायची कमांड स्क्रीनवरच दिसते. मग ९०९० पोर्टवर, साध्या ब्राउझरमध्ये, डिस्क किती भरली आणि कोणती सर्व्हिस पडली हे दिसतं. क्लार्कला वेगळं, मर्यादित अधिकारांचं खातं दिलं. तो फोनवर वाचून सांगतो, मी पुढचं सांगतो. एलएसओएफ, टीसीपीडम्प, ट्रेसराउट हीसुद्धा आधीच हजर असतात. पुसलेली लॉग फाइल एखादा प्रोग्राम धरून बसला आणि डिस्क रिकामी होईना, तर एलएसओएफ लगेच चोर दाखवतं. हे हत्यार त्या क्षणी डाउनलोड करायची वेळ येऊ नये, कारण नेमकी तेव्हाच लाइन गेलेली असू शकते.

म्हणून आणखी एक काळजी घेतो. मिनिमलची आयएसओ दोन जीबीच्या आसपास, पण तिच्यात जादा पॅकेजं नसतात. डीव्हीडीची दहा जीबीच्या आसपास, आणि तिच्यात बेसओएस, ॲपस्ट्रीम ही पॅकेजांची दोन्ही भांडारं आहेत. ही मोठी आयएसओ सर्व्हरच्याच डिस्कवर ठेवून डीएनएफला तिचा पत्ता देतो. इंटरनेट नसलं तरी पॅकेज बसतं.

या निवडीची किंमत आहेच. अपडेट जास्त येतात, लक्ष जास्त ठेवावं लागतं. तिथे कंटेनर चालवायचे नाहीत, म्हणून ‘सर्व्हर’सोबत आलेलं पॉडमन काढून टाकलं, आणि ९०९० फक्त कारखान्याच्या आतल्या नेटवर्कपुरतं उघडं ठेवलं.