तिरक्या झिपचे जॅकेट

मोटरसायकलस्वारांच्या जुन्या धाटणीच्या चामडी जॅकेटची झिप छातीच्या मधोमध नसते. ती कमरेपाशी एका बाजूने निघते आणि तिरकी होत खांद्याकडे जाते. झिप ओढली की चामड्याचा एक रुंद पदर दुसऱ्यावर चढतो. छातीवर दोन थर होतात आणि समोरचा वारा झिपच्या दातांमधून थेट आत शिरत नाही. स्वार पेट्रोलच्या टाकीवर ओणवा झाला, तरी झिप पोटात रुतत नाही. कॉलरच्या टोकांना टिचबटणे असतात, कारण वेगात मोकळी टोके गालावर आपटतात. मनगटाशी झिप असते, म्हणजे बाही आवळून हातमोज्यात खोचता येते. लांबी कमरेपर्यंतच असते, म्हणून बसल्यावर जॅकेट सीटवर गोळा होत नाही. उभ्या माणसाच्या अंगावर बाह्या थोड्या लांब वाटतात. हात हँडलकडे गेले की त्या बरोबर मनगटावर येतात.

ही सगळी रचना गाडीवरच्या कामासाठी झाली. पुढे जॅकेट सिनेमात आणि फॅशनमध्ये गेले, तरी त्याची शैली आणि किंमत समजून घ्यायला हे मूळ काम लक्षात ठेवावे लागते.

अमेरिकी धाटणी

आयर्व्हिंग आणि जॅक या शॉट बंधूंनी 1913 मध्ये न्यूयॉर्कमध्ये कपड्यांचा कारखाना काढला. सुरुवातीला ते रेनकोट शिवत. 1928 मध्ये आयर्व्हिंग शॉट यांनी मोटरसायकलस्वारांसाठी झिपचे चामडी जॅकेट तयार केले आणि त्याला आपल्या आवडत्या सिगारचे नाव दिले : ‘परफेक्टो’. लाँग आयलंडवरच्या हार्ले-डेव्हिडसन विक्रेत्याकडे ते साडेपाच डॉलरला मिळे. रुंद कॉलर, तिरकी झिप, कमरेचा पट्टा, खांद्यावरच्या पट्ट्या आणि बरेच झिपवाले खिसे ही त्याची ठेवण. आज ‘बायकर जॅकेट’ म्हटले की हीच आकृती डोळ्यांपुढे येते. फ्रान्समध्ये तर कुठल्याही कंपनीच्या अशा जॅकेटला ‘परफेक्टो’च म्हणतात.

डेट्रॉइटच्या जोसेफ ब्युगेलायसेन यांच्या कंपनीची ‘बुको’ जॅकेटे हे याच घराण्यातले दुसरे मोठे नाव. तिच्या जे-24 या नमुन्यावर इंग्रजी ‘डी’ अक्षराच्या आकाराचा मोठा खिसा असतो. तिसरी तऱ्हा मापावर शिवून देणाऱ्यांची. ओरेगनमधल्या पोर्टलंड शहरात रॉस लँगलिट्झ यांनी 1947 मध्ये असे काम सुरू केले. तरुणपणी मोटरसायकलच्या अपघातात त्यांचा एक पाय गेला होता. तरी त्यांनी गाडी सोडली नाही. त्यांच्या ‘कोलंबिया’ जॅकेटची झिप तिरकी, तर ‘कॅस्केड’ची सरळ.

ब्रिटिश धाटणी

लंडनचे ‘लुइस लेदर्स’ हे दुकान 1892 पासूनचे. मोटारी, विमाने आणि मोटरसायकली आल्या, तसे ते त्या चालवणाऱ्यांचे कपडे करू लागले. त्याच्या 1956 च्या ‘ब्राँक्स’ जॅकेटवर अमेरिकी छाप उघड दिसते. नंतरचे ‘लाइटनिंग’ मात्र अधिक अंगालगत आणि सडसडीत आहे. ही जॅकेटे लंडनच्या उत्तरेकडच्या एस कॅफेसारख्या अड्ड्यांवर जमणाऱ्या ‘रॉकर’ पोरांच्या अंगावर दिसत. ताशी शंभर मैलांचा वेग गाठणे ही त्यांची हौस.

खाली आणलेल्या हँडलवर वाकून बसणाऱ्या या स्वारांवरून ‘कॅफे रेसर’ नावाची वेगळी तऱ्हा रूढ झाली : सरळ झिप, उभी आखूड कॉलर, ना पट्टा ना खांद्यावरच्या पट्ट्या. फडफडण्यासारखे काही ठेवलेलेच नाही. इथे वाऱ्याचा बंदोबस्त पदराऐवजी अंगाला घट्ट बेतण्याने होतो. अमेरिकेत बुकोच्या जे-100ची ठेवण अशीच होती.

अमेरिकी परफेक्टोला मात्र जगभर पोचवले ते सिनेमाने. 1953 च्या ‘द वाइल्ड वन’मध्ये मार्लन ब्रँडो परफेक्टो घालून ट्रायम्फ मोटरसायकलवर आला. ब्रिटनच्या सेन्सॉरने हा चित्रपट 1967 पर्यंत अडवून ठेवला. अमेरिकेतल्या काही शाळांनी या जॅकेटलाच बंदी केली, आणि त्याने त्याचे आकर्षण आणखी वाढले. 1960 मध्ये फॅशनकार ईव्ह सँ लोराँ यांनी दिऑर या फॅशनगृहासाठी मगरीच्या कातड्याचे असे जॅकेट बेतले. 1976 मध्ये ‘रामोन्स’ या पंक बँडच्या पहिल्या अल्बमच्या मुखपृष्ठावर चौघेही वादक याच जॅकेटात उभे होते.

कातडे कोणते

किमतीचा मोठा भाग कातड्यात असतो. जुन्या काळच्या उत्तम अमेरिकी जॅकेटांना घोड्याचे कातडे वापरत. ते दाट तंतूंचे, चकचकीत आणि सुरुवातीला इतके ताठ असते की नवे जॅकेट खुर्चीच्या पाठीवर टाकले तरी आपला आकार सोडत नाही. मोटारी आणि ट्रॅक्टर आले, घोडे कमी झाले, आणि हे कातडे मिळेनासे होऊ लागले. त्याची जागा बैलाच्या जाड कातड्याने घेतली. आज जपानमधल्या हिमेजीसारख्या मोजक्या ठिकाणी घोड्याचे कातडे जॅकेटसाठी मुद्दाम कमावले जाते, म्हणून ते महाग पडते. बकऱ्याचे चामडे पातळ असूनही चिवट असते. मेंढीचे मऊ आणि हलके असते, पण रस्त्यावर घासले की लवकर फाटते. गाडीवर घालायच्या जॅकेटचे चामडे साधारण 1.2 ते 1.4 मिलिमीटर जाड असते. शोभेच्या जॅकेटचे त्याच्या निम्म्याच्या आसपास.

कमावण्याची रीतही महत्त्वाची. बहुतेक जॅकेटांचे चामडे क्रोमियमच्या क्षारांनी कमावतात. काम झटपट होते आणि चामडे मऊ व पाण्याला टिकाऊ राहते. वनस्पतिजन्य पद्धतीला कित्येक आठवडे लागतात. कोल्हापुरी चपलेचे चामडे बाभळीची साल आणि हिरडा वापरून कमावतात, ती हीच पद्धत. असे चामडे वापरानुसार रंग आणि चकाकी बदलते. काही काळ्या जॅकेटांत वरचा रंग कोपरांवर आणि खिशांच्या कडांवर झिजला की खालचा तपकिरी रंग डोकावतो. हौशी लोक त्यासाठी जास्त पैसे मोजतात.

चामडे आणि रेक्झिन यांतला फरक न शिवलेल्या कडेला कळतो. चामड्याची कड तंतुमय दिसते. रेक्झिनमध्ये वर प्लास्टिकचा पापुद्रा आणि खाली कापडाची वीण असे दोन थर स्पष्ट दिसतात. पाठीचा भागही पाहावा. पाठ एकाच सलग तुकड्याची असेल, तर मोठे आणि डाग नसलेले कातडे लागले आहे. लहान तुकडे जोडलेली पाठ स्वस्तात होते, आणि प्रत्येक जोड म्हणजे उसवण्याची एक जागा.

सुरक्षा आणि किंमत

जुने जॅकेट रस्त्यावर घासण्यापासून वाचवते, आपटण्यापासून फारसे नाही. त्यात खांद्या-कोपरांचे संरक्षक पॅड नसतात. युरोपच्या ईएन 17092 या मानकात दुचाकीच्या कपड्यांना एएए, एए, ए, बी आणि सी असे वर्ग आहेत. सर्वाधिक संरक्षण एएए वर्गाचे. जुन्या जॅकेटांत सुती दोऱ्याची शिवणही धोक्याची असते. चामडे शाबूत दिसते, पण आतला दोरा कुजलेला असतो, आणि पडल्यावर जॅकेट शिवणीतच उघडते.

1928 चे साडेपाच डॉलर म्हणजे महागाई धरून आजचे सुमारे शंभर डॉलर. तेव्हा तो कामाचा कपडा होता. आज अमेरिकेत शिवलेल्या परफेक्टोला हजार डॉलरच्या आसपास पडतात. त्यात कातडे, शिंप्याची मजुरी आणि नाव या तिन्हींचा वाटा असतो. मूळ बुकोच्या हुबेहूब जपानी नकला याहून बऱ्याच महाग असतात. मुंबईत धारावीतल्या चामड्याच्या दुकानांतली जॅकेटे यापेक्षा पुष्कळ स्वस्त पडतात. तिथेही चामड्याची जाडी, शिवण आणि झिप याच क्रमाने पाहावे.

जुन्या जॅकेटची किंमत ठरवताना संग्राहक आतले लेबल, मूळ झिप, कातड्याचा प्रकार आणि माप पाहतात. पन्नासच्या दशकातली जॅकेटे अंगाला घट्ट बेतलेली असल्याने आजच्या माणसाला बसेल असे मोठे माप दुर्मीळ, म्हणून महाग. सुकून तडकलेले चामडे तेल लावून परत येत नाही. मुंबई-कोकणच्या दमट हवेत उलट धोका बुरशीचा. तिथे जॅकेट प्लास्टिकच्या पिशवीत न ठेवता रुंद हँगरवर हवेशीर जागी टांगावे आणि भिजले तर उन्हात न टाकता सावलीत वाळवावे.

तुटलेली मूळ झिप बदलली की संग्राहकाच्या लेखी जॅकेटचे मोल घटते. जुना दोरा काढून नायलॉनच्या दोऱ्याने पुन्हा शिवले, तरी तेच होते. गाडी चालवणाऱ्याला मात्र नेमके हेच जॅकेट हवे असते. त्यामुळे एकाच जॅकेटच्या दोन किमती होतात, आणि भाव विचारण्याआधी ते कपाटात टांगायचे की गाडीवर घालायचे हे ठरवावे लागते.