मनगटातली नस किती जाड?

नस चाचपण्याची विद्या वर्ध्याला नवी नाही. मनोहर दिवाणांनी १९३६ साली वर्ध्याजवळच्या दत्तपूरला कुष्ठरुग्णांसाठी काम सुरू केलं. १९५१ मध्ये वर्ध्यातच गांधी मेमोरियल लेप्रसी फाउंडेशन उभं राहिलं आणि तिथल्या डॉ. वार्देकरांच्या आखणीनुसार कार्यकर्ते घरोघर रुग्ण शोधू लागले. कातडीवर बधिर चट्टा दिसला की कोपरामागची अल्नर नस चाचपायची, दोन्ही हात ताडून ती जाड झाली का ते पाहायचं. पण ‘जाड’ म्हणजे किती जाड, हे ज्याच्या त्याच्या बोटांवर. मनगटातली मिडियन नस तर कंडरांच्या गर्दीत असते, बोटांना धड लागतच नाही.

तो आकडा आता सोनोग्राफी देते. पोटासाठी दोन ते पाच मेगाहर्ट्झचा प्रोब चालतो, मनगटाला बारा ते अठराचा लागतो. वारंवारता वाढली की चित्र बारीक येतं, पण लहरी खोल जात नाहीत. इथे नस कातडीलगतच असल्यानं अडत नाही.

प्रोब मनगटाच्या घडीवर आडवा धरला की नस मधमाश्यांच्या पोळ्यासारखी दिसते : काळे ठिपके, भोवती पांढऱ्या कडा. शेजारच्या कंडराही पहिल्या नजरेत फसवतात. मग डॉक्टर प्रोब जरासा कलता करतात. कंडरा लगेच काळवंडतात, नस फारशी बदलत नाही. ओळख पटली की पांढऱ्या आवरणाच्या आतून तिच्या कडेनं रेघ ओढायची, क्षेत्रफळ यंत्र सांगतं. मोजायची जागाही ठरलेली, करंगळीच्या बाजूच्या पिसिफॉर्म हाडापाशी. साधारण दहा चौरस मिलिमीटरच्या पुढे गेलं की संशय घ्यायचा. थोराड हाताची नस मुळातच मोठी असू शकते, म्हणून काही जण वर अग्रबाहूत पुन्हा मोजून दोन्हींचं गुणोत्तर काढतात. मला ही पद्धत जास्त पटते.

रात्री हाताला मुंग्या येऊन जाग येते, हात झटकला की बरं वाटतं, ही कार्पल टनेलची, म्हणजे मनगटातल्या बोगद्यात नस दबण्याची, नेहमीची तक्रार. गरोदरपण, थायरॉइड, मधुमेह, सततचं हातकाम, कारणं बरीच. यात नस बोगद्याच्या तोंडाशी फुगते. कुष्ठरोगात मात्र मिडियनची सूज मनगटाच्या वरपर्यंत चढलेली असते, आणि अल्नर नस कोपराच्या वर जाड झालेली सापडते. डॉप्लर लावल्यावर नसेत रक्तप्रवाह दिसला तर दाह पेटलेला असण्याची शक्यता असते. अशा वेळी स्टेरॉइड वेळेवर मिळालं तर बोटं वाकडी होण्यापासून वाचू शकतात.

डिसेंबर २००५ मध्ये देशपातळीवर कुष्ठरोग ‘निर्मूलन’ जाहीर झालं, आणि नस चाचपू शकणारी बोटंही विरळ होत गेली. त्यांची जागा यंत्रानं घ्यावी, हे बोलायला सोपं. गर्भलिंग निदानविरोधी कायद्यामुळे सोनोग्राफी यंत्राची नोंदणी लागते, आणि पोर्टेबल यंत्र बाहेर नेण्यावर कडक बंधनं आहेत. ती हवीतच. म्हणजे आर्वी-कारंजाकडच्या एखाद्या वाडीवर चट्टा दिसला, तर पहिली तपासणी आजही आशाताईच्या नजरेनं आणि कुणाच्या तरी बोटांनीच व्हायची आहे. सोनोग्राफीचा नंबर त्यानंतर.