कप्पी केवढी असावी?

गेल्या वर्षी गॅदरिंगच्या प्रदर्शनात आमच्या रूमचं जहाज मांडलं होतं. "मस्त झालंय रे" म्हणत सगळे पुढे सरकत होते. थांबले ते फक्त वर्कशॉपमधले मामा. मामा मूळचे मालवणकडचे, लहानपण होड्यांत गेलेलं. त्यांनी चष्मा कपाळावर चढवला, डोलकाठीला लोंबणारी एक कप्पी बोटाने हलवली आणि विचारलं, "काय रे, यातून शीड ओढणार की विहिरीचं पाणी?"

मित्रांनो, त्या एका प्रश्नापायी आम्ही चार महिन्यांचं दोरकाम कात्रीने कापून काढलं. तुमच्यावर ती पाळी येऊ नये म्हणून हा लेख.

आमचं मॉडेल एचएमएस त्रिंकोमाली या फ्रिगेटचं. हे जहाज मुंबईच्या गोदीत जमशेटजी बोमनजी वाडियांच्या देखरेखीखाली सागवानात बांधलं गेलं आणि १८१७ साली पाण्यात उतरलं. आज ते इंग्लंडमध्ये हार्टलपूलला जपून ठेवलंय. गन डेकची लांबी सुमारे १५० फूट. आम्ही स्केल घेतलं १:९६, म्हणजे १ इंचाला ८ फूट. १५० फुटांचे झाले पावणेएकोणीस इंच. हॉस्टेलच्या टेबलावर आरामात मावतं.

शिडं आणि त्यांच्या आडव्या काठ्या वर-खाली करायच्या, फिरवायच्या, तर दोर हवेत आणि दोर वळवायला कप्प्या. त्या काळच्या एका मोठ्या युद्धनौकेला लहानमोठ्या मिळून हजाराच्या आसपास कप्प्या लागत. आम्ही काय केलं? ५ मिमीच्या कप्प्यांचं एक पाकीट मागवलं आणि सगळीकडे त्याच लावल्या. ५ मिमी म्हणजे इवलीशी, असं वाटतं. पण ५ गुणिले ९६ करा. ४८० मिमी! आपल्या आंघोळीच्या बादलीपेक्षा उंच कप्पी, आणि तीसुद्धा प्रत्येक किरकोळ दोरीला. मामा हसले ते उगीच नाही.

नियम काय?

कप्पीचं माप दोरावरून ठरतं. दोर लहान चाकावरून गेला तर जास्त वाकतो, तंतू झिजतात. कप्पी विनाकारण मोठी घेतली तर उंचावर वजन वाढतं, गुरुत्वमध्य वर जातो आणि जहाज जास्त कलतं. अठराव्या शतकातल्या कारागिरांचा हिशोब असा: चाकाची जाडी दोराच्या व्यासापेक्षा एक दशांश जास्त, चाकाचा व्यास जाडीच्या पाचपट, चाकाची खाच जाडीहून किंचित रुंद आणि कप्पीची लांबी त्या खाचेच्या आठपट. रुंदी लांबीच्या पाऊण.

हे कळल्यावर आम्ही कॅल्क्युलेटर घेऊन बसलो. नकाशात एक दोर "३ इंची" लिहिलेला. उत्तर आलं सुमारे २७ इंच, मॉडेलवर ७ मिमी. म्हणजे हसू झालेल्या कप्पीपेक्षाही मोठी! पुन्हा मामांकडे. मामांनी दोराचा एक तुकडा घेतला, त्याला सुतळीचा वेढा दिला आणि म्हणाले, "दोर असा मोजतात. गुंडाळून."

अहो, परीघ! जुन्या जहाजांवर दोराचं माप परिघात देत. ३ इंची दोराचा व्यास इंचभरसुद्धा नसतो. तेव्हापासून सोपा गुणाकार पाठ झालाय: दोराचा परीघ गुणिले ३, म्हणजे कप्पीची लांबी. ३ इंची दोराला ९ इंची कप्पी, ती १:९६ ला २.४ मिमी. ६ इंची दोराला १८ इंची, म्हणजे ४.८ मिमी. आमच्या पाकिटातला माल जड काठ्या उचलणाऱ्या मोजक्या जागी चालला, बाकी वाया. नेमकं माप मिळत नसेल तर जवळचं लहान घ्यावं. लहान खपून जातं, मोठं डोळ्यांत खुपतं.

विकत की घरी?

आधी नकाशावरून तक्ता करा: दोर, परीघ, कप्पीचं माप, एकचाकी की दोनचाकी, नग किती. तयार कप्प्या बहुतेक परदेशी असतात. टपालखर्च आणि कस्टम ड्यूटी धरून एकदाच ऑर्डर द्या, थोड्या जास्तीच्या घ्या. पाकीट आलं की कडा बघा. बऱ्याच कप्प्या चौकोनी ठोकळ्यासारख्या असतात, त्यांना पॉलिश पेपरने गोलाई द्यावी लागते.

आमचा सल्ला: ३ मिमीच्या आतल्या विकत घ्या, ४ मिमीपासून पुढच्या घरी करा. खऱ्या कप्प्या एल्म लाकडाच्या आणि चाकं कठीण लिग्नम व्हिटेची असत. जहाज सागाचं म्हणून कप्पी सागाची करू नका, या मापाला सागाची छिद्रं खड्ड्यांसारखी दिसतात. हेदूचं (हळदूचं) बारीक पोताचं पिवळसर लाकूड उत्तम. पट्टी कापा, पट्टीवरच सगळी भोकं पाडा, दोराचा वेढा बसायला कानशीने खाच घ्या आणि सगळ्यात शेवटी तुकडे कापा. भोकासाठी पीसीबीचे ०.५ आणि ०.६ मिमीचे ड्रिल बिट लॅमिंग्टन रोडला किंवा पुण्यात तपकीर गल्लीत मिळतात. मग डब्याला आतून पॉलिश पेपर लावून त्यात कप्प्या टाका आणि डबा फिरवत राहा. कडा आपोआप गोल होतात. (रूम पार्टनर झोपला असताना करू नये.)

अजून एक. भोक मध्यावर नसतं, एका टोकाकडे असतं. कप्पी टांगल्यावर ते टोक टांगणीकडे यायला हवं, कारण दोर चाकाच्या त्या बाजूवरून वळतो. आम्ही निम्म्या उलट्या लावल्या होत्या.

आणि एका मापाच्या कप्प्या एकसारख्याच दिसायला हव्यात. ब्रिटिश आरमाराला वर्षाला लाखभर कप्प्या लागत. त्यासाठी मार्क ब्रुनेलने यंत्रं आखली, हेन्री मॉडस्लेने ती बनवली आणि १८०८ पर्यंत पोर्ट्समथच्या कारखान्यात वर्षाला १,३०,००० कप्प्या होऊ लागल्या. ११० कारागिरांचं काम १० माणसं करू लागली. मास प्रॉडक्शनच्या सुरुवातीच्या उदाहरणांत हे नाव पहिल्या ओळीत येतं.

आमचं दोरकाम पुन्हा सुरू आहे. मामा या मे महिन्यात रिटायर होतायत, त्याआधी संपवायचंच. कोणाला शिकायचं असेल तर रात्री जेवणानंतर रूमवर या. ड्रिल बिट मात्र आपापले आणा, फार मोडतात.