मलाच का, डॉक्टर?

‘डॉक्टर, मी आयुष्यात कधी विडी ओढली नाही. रोज पहाटे उठून तळ्यापर्यंत चालत गेलो. तरी झटका मलाच आला. आणि आमच्या समोरचे गृहस्थ दिवसाला पाकीट संपवतात, ते ठणठणीत! हा कुठला न्याय?’

हा प्रश्न विचारणारे एक निवृत्त गुरुजी. वय वर्षे ६७. चार महिन्यांपूर्वी त्यांना हृदयविकाराचा झटका आला आणि रक्तवाहिनीत स्टेंट टाकावा लागला. तब्येत चांगली सुधारत होती. पण निघताना त्यांच्या पत्नी मागे रेंगाळल्या व हळूच म्हणाल्या, ‘दहा दिवस झाले, गोळ्या नीट घेत नाहीत. म्हणतात, व्हायचे ते होऊन गेले. माझा वाटा मी भोगला.’

हे ऐकून माझ्या छातीत धस्स झाले. स्टेंट टाकल्यावर रक्ताची गुठळी होऊ नये म्हणून ज्या गोळ्या दिलेल्या असतात, त्या आपल्या मनाने बंद केल्या तर स्टेंटमध्येच गुठळी होऊन दुसरा झटका येऊ शकतो. तो जिवावर बेततो. मी गुरुजींना परत आत बोलावले, चांगले खडसावले, हृदयरोगतज्ज्ञांना फोन करून गोळ्या लगेच सुरू करायला सांगितल्या. गुरुजींनी मान डोलावली. पण नुसत्या डोलावलेल्या मानेवर विसंबू नये, एवढे मी या व्यवसायात शिकलो आहे. संध्याकाळी त्यांच्या घरी गेलो.

गुरुजी खाटेवर पट मांडून एकटेच खेळत होते. नातवाने पुण्याहून आणून दिलेला खेळ. नाव ‘पॅन्डेमिक’, म्हणजे जगभर पसरलेली साथ. मॅट लीकॉक या अमेरिकन गृहस्थाने तो रचला आणि २००८ साली तो बाजारात आला. यात एकमेकांना हरवायचे नसते. सगळे खेळाडू एका बाजूला आणि पत्त्यांची थप्पी दुसऱ्या बाजूला. नकाशावर ४८ शहरे, रोग चार. चारही रोगांवर उपाय सापडला तर सगळे जिंकले, नाहीतर सगळे हरले. नातू परत गेल्यापासून गुरुजी दोन खेळाडूंचे पत्ते एकट्यानेच सांभाळत. दुपारी वेळ जात नाही म्हणून पेशन्स लावतात, तसेच हे.

‘बसा डॉक्टर, आणि ही लबाडी बघा,’ गुरुजी वैतागून म्हणाले.

वाचकांना खेळाची रीत थोडक्यात सांगायला हवी. साथीच्या थप्पीतून ज्या शहराचा पत्ता निघेल, त्या शहरावर रोगाचा एक ठोकळा ठेवायचा. तीन ठोकळे असलेल्या शहराचा पत्ता पुन्हा निघाला की उद्रेक होतो आणि शेजारच्या प्रत्येक शहरात रोग शिरतो. आठवा उद्रेक झाला की खेळ संपला. मधूनच महासाथीचा पत्ता येतो. तो आला की आतापर्यंत निघालेले साथीचे पत्ते पिसून परत थप्पीवर ठेवायचे. लक्षात घ्या, तळाशी नाही, वर! म्हणजे ज्या शहरांना एकदा मार बसला, त्यांनाच आधी पुन्हा बसणार.

‘हेच मला पटत नाही,’ गुरुजी म्हणाले. ‘मुंबईला एकदा झाले ना? मग आता दुसऱ्या शहराने घ्यावे. तर पुन्हा मुंबईच! कराची, दिल्ली, चेन्नई, सगळीकडे पसरले.’

‘त्याआधी तुमची सोंगटी कुठे होती?’

‘दिल्लीत.’

या खेळात एका खेपेला चार कामे करता येतात. दिल्लीहून मुंबईला जाणे हे एक. उरलेल्या तिनांत मुंबईवरचे तीन ठोकळे उचलता आले असते. गुरुजी मात्र कोलकात्याला गेले होते.

‘मुंबईला का नाही गेलात?’

‘म्हटले, तिचे एकदा होऊन गेले आहे...’ बोलता बोलता गुरुजी थांबले. थोड्या वेळाने त्यांनी पत्नीला हाक मारली आणि गोळ्यांचा डबा मागितला.

माणसाला वाटते की दुर्दैव रांगेने येते. एकदा आपल्याकडे येऊन गेले की आता दुसऱ्याच्या दारात. पेशन्समध्ये हे थोडेफार खरे आहे. हाती आलेला एक्का थप्पीतून पुन्हा निघत नाही. हृदयविकाराचे तसे नाही. एकदा झटका येऊन गेलेल्या माणसाला पुन्हा येण्याचा धोका इतरांपेक्षा जास्त असतो. स्टेंटने एक अरुंद जागा मोकळी होते, पण रक्तवाहिन्यांत चरबीचे थर साचण्याचा मूळ विकार तेवढ्याने जात नाही. म्हणून गोळ्या, पथ्य, चालणे आणि रक्तदाबावर नजर.

आता गुरुजींच्या प्रश्नाकडे येऊ. मलाच का? चालल्याने, तंबाखू टाळल्याने धोका कमी होतो, शून्य होत नाही. समोरच्या गृहस्थांचा धोका नक्कीच जास्त आहे, पण जास्त धोका असलेल्या प्रत्येकाला झटका येतोच असे नाही. वय आणि आनुवंशिकता कोणाच्याच हातात नसतात. पत्ता वाईट निघाला म्हणजे तुमची चाल चुकलीच होती असे नव्हे.

याच्या उलट टोकाची माणसेही दवाखान्यात येतात. एका नऊ वर्षांच्या मुलाला टाइप १ मधुमेह झाला. त्याची आई रडत म्हणाली, ‘मीच त्याला लाडू भरवले.’ हा मधुमेह गोड खाल्ल्याने होत नाही. शरीराची स्वतःची प्रतिकारशक्तीच स्वादुपिंडातील इन्सुलिन तयार करणाऱ्या पेशी नष्ट करते. त्या माउलीचा काडीचाही दोष नव्हता. मात्र इन्सुलिन वेळेवर टोचणे तिच्या हातात होते, आणि ते ती आजही चोख करते आहे.

तेव्हा वाचकहो, दुखणे आले की एका कागदाच्या मधोमध रेघ ओढा. डावीकडे पत्त्यांनी दिलेले लिहा: वय, आनुवंशिकता, निव्वळ दुर्दैव. उजवीकडे आपल्या चाली लिहा: औषध, आहार, व्यायाम, तपासणीची तारीख. डावीकडच्यासाठी स्वतःला दोष देऊ नका. उजवीकडचे नशिबावर ढकलू नका. आणि कोणतीही गोळी बंद करावीशी वाटली, तर आधी डॉक्टरांना विचारा.

गेल्या महिन्यात गुरुजी तपासणीला आले. रक्तदाब उत्तम, गोळ्यांची रिकामी पाकिटे पत्नीने पिशवीतून काढून दाखवली. मी विचारले, ‘खेळ काय म्हणतो?’

‘परवा पुन्हा हरलो,’ गुरुजी हसून म्हणाले. ‘पण डॉक्टर, मुंबई मोकळी करून हरलो!’