मोटारसायकलच्या ब्रेकमधील बदल व सुट्या भागांची सुसंगती : नांदेड-लातूर परिसराच्या संदर्भात एक विवेचन

प्रस्तावना

नांदेड व लातूर ही मराठवाड्यातील दोन शैक्षणिक केंद्रे होत. लोहा, अहमदपूर, चाकूर या मार्गाने जाणारा राष्ट्रीय महामार्ग क्र. ३६१ या दोन्ही शहरांना जोडतो. या मार्गालगतच्या खेड्यांतून महाविद्यालयात येणाऱ्या विद्यार्थ्यांचे मुख्य वाहन मोटारसायकल हेच असून ती बहुधा घरातील जुनी, वडिलांनी किंवा थोरल्या भावाने वापरलेली असते. १९९४ मध्ये बाजारात आलेल्या हिरो होंडा स्प्लेंडरला पुढे व मागे १३० मिमी व्यासाचे ड्रम ब्रेक होते. १९९९ ची सीबीझेड व २००१ ची पल्सर यांनी पुढील चाकाचा डिस्क ब्रेक तरुणांच्या परिचयाचा केला. तेव्हापासून जुन्या गाडीला ‘डिस्क लावून घेण्याची’ हौस वाढीस लागली. गॅरेजमध्ये अशा वेळी भाग बसेल की नाही एवढेच पाहिले जाते. तथापि गाडीवर बसणारा प्रत्येक भाग त्या गाडीशी जुळतोच असे नाही. हा फरक उलगडून दाखविणे हे प्रस्तुत लेखाचे प्रयोजन आहे.

द्रवदाबाचे गणित

डिस्क ब्रेकचे कार्य पास्कलच्या नियमावर आधारलेले आहे. हाताने लिव्हर दाबला असता मास्टर सिलिंडरमधील पिस्टन ब्रेक ऑइलवर दाब निर्माण करतो आणि तोच दाब कॅलिपरमधील पिस्टनवर पडून पॅड डिस्कला घट्ट धरतात. या दोन पिस्टनांच्या क्षेत्रफळांचे गुणोत्तर हा संपूर्ण यंत्रणेचा गाभा होय.

उदाहरणार्थ, मूळ मास्टर सिलिंडरच्या पिस्टनचा व्यास १२.७ मिमी असल्यास त्याचे क्षेत्रफळ सुमारे १२७ चौ. मिमी भरते. त्याऐवजी मोठ्या गाडीचा १४ मिमीचा मास्टर सिलिंडर बसविला तर क्षेत्रफळ १५४ चौ. मिमी होते. हाताचा जोर तेवढाच राहिल्यास द्रवाचा दाब सुमारे १८ टक्क्यांनी घटतो. लिव्हर हाताला कडक लागतो, चालकाला ब्रेक ‘टाईट’ झाल्याचे समाधान मिळते. प्रत्यक्षात थांबण्याची शक्ती कमी झालेली असते. याच्या उलट प्रकारही घडतो. कॅलिपरचे पिस्टन २५ मिमीऐवजी ३० मिमीचे घेतले तर क्षेत्रफळ ४४ टक्क्यांनी वाढते, परंतु तेवढेच अधिक ऑइल ढकलावे लागल्याने लिव्हर मुठीला टेकण्याची शक्यता निर्माण होते. म्हणून मास्टर सिलिंडर व कॅलिपर यांची निवड जोडीनेच करावी लागते. भंगार बाजारातून एका गाडीचा कॅलिपर व दुसऱ्या गाडीचा मास्टर सिलिंडर आणून केलेली जोडणी स्वस्त पडते खरी, पण तिच्यातील गुणोत्तर कोणीच तपासलेले नसते.

डिस्कचा व्यास वाढविल्याचा लाभ मात्र खरा असतो. २४० मिमीऐवजी २६० मिमीची डिस्क घेतल्यास पॅडचा दाब आसापासून अधिक अंतरावर पडतो आणि रोधक आघूर्ण सुमारे ९ टक्क्यांनी वाढते. त्यासाठी कॅलिपर १० मिमी बाहेर सरकविणे आवश्यक ठरते. या कामी स्थानिक लेथवर घडविलेली पट्टी सर्रास वापरली जाते. ती कोणत्या पोलादाची आहे व तिच्यावर किती ताण येणार आहे, याचा विचार क्वचितच होतो.

बसविण्यातील अडचणी

ड्रम ब्रेकच्या गाडीच्या पुढील शॉकअपवर कॅलिपर बसविण्याचे कान नसतात. त्यामुळे शॉकअपची नळी, हब, चाक, आस, स्पेसर आणि बहुतेक गाड्यांत स्पीडोमीटरचा गिअर असा संपूर्ण संचच बदलावा लागतो. एका गाडीचा आस १२ मिमीचा व दुसरीचा १५ मिमीचा असेल तर मधली फट बुश घालून भरली जाते आणि चाक हलू लागते. आणखी एक बारीक बाब दुर्लक्षित राहते. ब्रेकच्या नळीचा पोकळ बोल्ट जपानी पद्धतीच्या भागांत बहुधा १० मिमी व्यासाचा व १.२५ मिमी आट्यांच्या अंतराचा असतो. युरोपीय पद्धतीच्या भागांत हेच अंतर बहुधा १ मिमी असते. दोन्ही बोल्ट डोळ्यांना सारखेच दिसतात. जोर लावून आवळल्यास ॲल्युमिनियममधील आटे खराब होतात व गळती सुरू होते.

टायरची मर्यादा

गाडी अखेरीस टायर थांबवितो, ही गोष्ट ब्रेकच्या चर्चेत हटकून विसरली जाते. चालकासह २०० किलो वजनाची, १.३ मीटर चाकअंतराची व ०.६५ मीटर उंचीवर गुरुत्वमध्य असणारी गाडी गुरुत्वत्वरणाच्या ०.६ पट वेगाने मंदावली तर ६० किलो भार मागील चाकावरून पुढील चाकावर सरकतो. दोन्ही चाकांवर मुळात समान भार असल्यास तो १६० व ४० असा होतो. पुढच्या ब्रेकचे महत्त्व यातून स्पष्ट होते. परंतु स्प्लेंडरसारख्या गाडीच्या २.७५ इंची अरुंद टायरची पकड डिस्क बसविल्याने तसूभरही वाढत नाही. पावसाळ्यात ट्रॅक्टरच्या चाकांबरोबर काळी माती डांबरी रस्त्यावर येते, तेव्हा तर ती फारच घटते. अशा वेळी तीव्र ब्रेक चाक जाम करतो आणि पुढचे चाक जाम झाल्यावर तोल सावरणे अनुभवी चालकालाही कठीण जाते.

ब्रेक ऑइल व पॅड

डॉट ३ ऑइलचा उत्कलनबिंदू कोऱ्या अवस्थेत किमान २०५ अंश सेल्सिअस, तर पाणी शोषलेल्या अवस्थेत १४० अंश असावा लागतो; डॉट ४ साठी हेच आकडे २३० व १५५ आहेत. डॉट ५ हे सिलिकोनयुक्त असल्याने वरील दोहोंत मिसळू नये. डॉट ५.१ हे नावाने जवळचे असले तरी ग्लायकॉलयुक्त म्हणजे निराळ्या जातीचे आहे. वर्षानुवर्षे न बदललेले ऑइल बदलून नळीतील हवा काढणे, हीच अनेक गाड्यांच्या बाबतीत सर्वांत स्वस्त व सर्वांत निर्धोक सुधारणा ठरते. ड्रमच्या गाडीत तेच स्थान नवीन केबल, चांगले ब्रेक शू व चांगला टायर यांचे आहे.

पॅडवर छापलेली अक्षरेही पाहावीत. एफएफ म्हणजे घर्षणांक ०.३५ ते ०.४५, जीजी म्हणजे ०.४५ ते ०.५५ व एचएच म्हणजे त्याहून अधिक. पहिले अक्षर थंड व दुसरे तप्त अवस्थेतील घर्षण दर्शविते. धातुचूर्णाचे पॅड त्यासाठी न बनलेल्या डिस्कवर वापरल्यास डिस्क लवकर झिजते.

सीबीएस, एबीएस व कायदा

एप्रिल २०१९ पासून १२५ सीसीपेक्षा अधिक क्षमतेच्या सर्व नव्या दुचाकींना एबीएस, तर त्याखालील दुचाकींना सीबीएस अथवा एबीएस बंधनकारक झाले. सीबीएसमध्ये एकच पायब्रेक दोन्ही चाकांचे ब्रेक ठराविक प्रमाणात लावतो. पुढचा संच बदलला की हे प्रमाण बिघडते, किंवा तो दुवाच काढून टाकला जातो. एबीएस असलेल्या गाडीत चाकाची गती मोजणाऱ्या कड्यावरील खाचांची संख्या व टायरचा घेर यांच्या आधारे संगणक निर्णय घेतो. दुसऱ्या गाडीचे कडे बसविल्यास त्याला चुकीची गती कळते.

मोटार वाहन अधिनियम, १९८८ च्या कलम ५२ नुसार उत्पादकाच्या मूळ तपशिलाशी विसंगत फेरबदल करता येत नाही. सर्वोच्च न्यायालयाने जानेवारी २०१९ मध्ये ही भूमिका अधोरेखित केली. त्याच वर्षीच्या सुधारणेने आलेल्या कलम १८२अ (४) मध्ये अनधिकृत फेरबदलासाठी सहा महिन्यांपर्यंत कारावास, प्रत्येक फेरबदलामागे पाच हजार रुपये दंड किंवा दोन्ही शिक्षांची तरतूद आहे. कलम ५२ मधील स्पष्टीकरणानुसार वाहनाच्या मूलभूत वैशिष्ट्यात बदल घडविणारा रचनेतील फरक म्हणजे फेरबदल होय. त्यामुळे त्याच दर्जाचा पॅड किंवा नळी बदलणे ही दुरुस्ती ठरते, मात्र दुसऱ्या गाडीचा शॉकअप व चाक बसविण्याबाबत तसे म्हणता येत नाही. काही उत्पादक एकच मॉडेल ड्रम व डिस्क अशा दोन्ही प्रकारांत विकतात. अशा गाडीच्या बाबतीत त्याच मॉडेलचा, त्याच पिढीचा संपूर्ण संच भाग क्रमांक पडताळून घ्यावा आणि काम सुरू करण्यापूर्वी एमएच २६ असो वा एमएच २४, संबंधित परिवहन कार्यालयाकडे लेखी विचारणा करावी.