पाच वॅटचा ध्वनिवर्धक

कॅलिफोर्नियातील फुलर्टन या गावी १९३८ साली रेडिओ-दुरुस्तीचे दुकान थाटणाऱ्या लिओ फेंडर या गृहस्थास गिटार वाजविता येत नव्हती, आणि पुढे त्याच्या नावाची गिटार जगभरच्या वादकांच्या हाती गेल्यावरही ती विद्या संपादन करण्याच्या फंदात तो कधी पडला नाही. त्याचे खरे शिक्षण झाले ते इतरांच्या बिघडलेल्या यंत्रांच्या पोटात. आसपासचे वादक आपले मुके झालेले ध्वनिवर्धक त्याच्या दारी आणून टाकीत. ते उघडून पाहताना कोणता भाग तापून जळतो, कोणता डाख हादऱ्याने सुटतो आणि एक कंडेन्सर बदलण्यासाठी अर्धे यंत्र उसवावे लागेल अशी कोंदट मांडणी कोणी करून ठेवली आहे, याची जी रोजची रुजुवात त्याच्या मनाशी होत गेली, तिच्यातूनच त्याच्या स्वतःच्या ध्वनिवर्धकांची रचना आकारास आली. ती दुरुस्ती करणाऱ्याने दुरुस्ती करणाऱ्यासाठी केलेली रचना होती. सत्तर वर्षे लोटल्यावर मुंबईतला किंवा सांगलीतला एखादा हौशी मनुष्य तेच यंत्र घरच्या टेबलावर मुळापासून उभे करू शकतो, याचे श्रेय फेंडरच्या या काटकसरी आणि उघड्यावाघड्या मांडणीस आहे.

त्याने काढलेल्या नमुन्यांपैकी पहिल्या खेपेस हाती घ्यावा असा एकच आहे, असे माझे स्पष्ट मत आहे. तो म्हणजे १९५० च्या दशकाच्या उत्तरार्धातील ‘चॅम्प’, ज्याच्या नकाशास कारखान्याच्या दप्तरी ५एफ१ असा क्रमांक होता. शिकाऊ वादकाच्या खिशाला झेपावा म्हणून बनविलेल्या या लहानग्या यंत्रात तीन व्हॉल्व्ह, दोन ट्रान्सफॉर्मर, आठ इंची एक स्पीकर, आवाज कमीजास्त करण्याची एकुलती एक खुंटी आणि मूठभर रेझिस्टर व कंडेन्सर एवढाच ऐवज असतो. नाद तीव्र किंवा मृदू करण्यासाठी वेगळी खुंटीसुद्धा नाही. ज्याला आरंभीच पंचवीस खुंट्यांचे यंत्र बांधावयाचे असेल त्याने खुशाल बांधावे, पण असे अर्धवट राहिलेले सांगाडे अनेक हौशी घरांच्या माळ्यावर आढळतात.

व्हॉल्व्ह म्हणजे आतील हवा काढून घेतलेली काचेची नळी. तिच्यातील कॅथोड तापला की त्यावरून इलेक्ट्रॉन सुटतात, आणि समोरच्या प्लेट नावाच्या पत्र्यावर मोठा धन दाब ठेवलेला असल्यामुळे निर्वातातून तिकडे ओढले जातात. एवढी योजना जॉन अँब्रोज फ्लेमिंग या इंग्रज शास्त्रज्ञाने १९०४ साली केली होती. दोनच वर्षांनी अमेरिकेत ली डी फॉरेस्ट याने या दोहोंच्या मध्ये विरळ तारेची एक जाळी बसविली, आणि त्या जाळीवरील दाबात यत्किंचित फेरफार केला असता प्लेटकडे जाणाऱ्या मोठ्या प्रवाहात तसाच, पण कितीतरी पट मोठा, फेरफार होतो असे दिसून आले. विसाव्या शतकाच्या पूर्वार्धातील रेडिओ, लांब पल्ल्याचा टेलिफोन आणि बोलपट ही सारी या एका जाळीची संतती होय.

गिटारच्या तारांखाली लोहचुंबकाभोवती बारीक तांब्याच्या तारेचे हजारो वेढे दिलेले असतात. पोलादी तार कंप पावली की त्या वेढ्यांत एका व्होल्टच्या दशांशाच्या मानाने विद्युद्दाब निर्माण होतो. चॅम्पमधील १२एएक्स७ या व्हॉल्व्हच्या एकाच काचेत दोन स्वतंत्र विभाग असतात; पहिला विभाग हा दाब पन्नास-साठ पटींनी वाढवितो, मग तो आवाजाच्या खुंटीतून जातो, दुसरा विभाग तो पुन्हा वाढवितो, आणि अखेर ६व्ही६जीटी हा शक्तिशाली व्हॉल्व्ह त्याच्या बळावर प्रत्यक्ष काम करू शकेल असा प्रवाह उत्पन्न करतो. तरीही एक अडचण राहतेच. ६व्ही६ची प्रकृती मोठा दाब आणि लहान प्रवाह अशी, तर चार ओहमच्या स्पीकरास लहान दाब आणि मोठा प्रवाह हवा. या दोघांमध्ये मुखत्यारी करतो तो आउटपुट ट्रान्सफॉर्मर. त्याच्या वेढ्यांचे प्रमाण सुमारे चाळिसास एक असे असते, आणि चॅम्पमध्ये एकच शक्तिशाली व्हॉल्व्ह असल्यामुळे त्यातून एकदिश प्रवाह अखंड वाहत राहतो, म्हणून लोखंडी गाभा चुंबकत्वाने तुडुंब भरून निकामी होऊ नये यासाठी गाभ्यात मुद्दाम एक बारीक फट ठेवावी लागते. ही फट न ठेवता रेडिओच्या सुट्या भागांतील कोणताही ट्रान्सफॉर्मर जोडणाऱ्यास खर्जाचा नाद मिळत नाही, आणि मग तो उगीचच व्हॉल्व्हला बोल लावीत बसतो.

येथे वाचकाच्या मनात एक रास्त शंका येईल. बेल प्रयोगशाळेत १९४७ च्या डिसेंबरात ट्रान्झिस्टरचा शोध लागला. तो लहान, स्वस्त, थंड आणि टिकाऊ. मग रेडिओवाल्यांनी, दूरचित्रवाणीवाल्यांनी आणि गणकयंत्रवाल्यांनी सोडून दिलेली ही तापट काच गिटारवाल्यांनीच का उराशी धरावी? उत्तर असे की, इतरांना ध्वनिवर्धकाकडून शुद्धता हवी होती, आणि गिटारवाल्यांना त्याचा दोष हवा होता. व्हॉल्व्हला त्याच्या शक्तीबाहेर राबविले की तो ध्वनिलहरीचा माथा एकदम छाटीत नाही, हळूहळू दाबीत नेतो. आणि एकेरी व्हॉल्व्हच्या रचनेत लहरीची वरची व खालची बाजू सारखी दबत नसल्यामुळे मूळ स्वराच्या दुप्पट कंपनसंख्येचा स्वर, म्हणजे वरच्या सप्तकातील तोच स्वर, ठळकपणे मिसळतो. अधिक राबविले की तिप्पट कंपनसंख्येचा, म्हणजे षड्जाच्या बाबतीत तार सप्तकातील पंचम, डोकावू लागतो. तंबोऱ्याच्या घोडीला कानस मारून आणि तारेखाली सुताचा दोरा सरकवून मिरजेचे कारागीर जी जवारी काढतात, तिच्यातही तारेचा निर्मळ कंप मुद्दाम मोडून वरच्या स्वरांची गर्दी करावयाची असते. ज्याने जवारी लागण्यापूर्वीचा आणि नंतरचा तंबोरा ऐकला आहे, त्याला या काचेच्या आग्रहाबद्दल अधिक काही सांगावे लागू नये.

हा दोष गुण म्हणून मान्य होण्याचा इतिहासही मोठा गमतीचा आहे. मेम्फिस येथे १९५१ साली ‘रॉकेट ८८’ हे गाणे ध्वनिमुद्रित होण्यापूर्वी गिटारवादक विली किझार्टच्या ध्वनिवर्धकास प्रवासात इजा झाली होती; ध्वनिमुद्रक सॅम फिलिप्स याने स्पीकरात कागद कोंबून वेळ निभावली, आणि तो फाटका आवाज गाण्यासह लोकांच्या कानी गेला. लंडनमध्ये १९६४ साली ‘द किंक्स’च्या डेव्ह डेव्हिस याने आपल्या लहानशा ध्वनिवर्धकाच्या स्पीकरावर चक्क पाते चालविले. त्याच शहराच्या हॅनवेल भागात जिम मार्शल याने ढोलवाद्यांच्या दुकानात बसून १९६२ साली फेंडरच्याच ‘बासमन’ या यंत्राबरहुकूम आपला पहिला ध्वनिवर्धक सिद्ध केला होता. आज ज्या नावाच्या भिंतीसारख्या पेट्या रंगमंचावर दिसतात, त्यांचे मूळही अशा रीतीने त्या दुरुस्तीच्या दुकानाशी जाऊन पोचते. खुद्द चॅम्पची कीर्ती एरिक क्लॅप्टनने १९७० साली मायामीत केलेल्या ‘लैला’च्या ध्वनिमुद्रणामुळे वाढली.

आता प्रत्यक्ष सामग्रीविषयी. एके काळी बंगळूरच्या भारत इलेक्ट्रॉनिक्समध्ये आपल्या रेडिओंसाठी व्हॉल्व्ह बनत असत; आज नवे व्हॉल्व्ह मुख्यतः स्लोव्हाकिया, रशिया आणि चीन या देशांतून येतात. रेझिस्टर, कंडेन्सर, खुंट्या, तारा हा किरकोळ माल मुंबईच्या लॅमिंग्टन रोडवर किंवा पुण्याच्या बुधवार पेठेत मिळण्याजोगा आहे, मात्र कंडेन्सर घेताना त्यावर छापलेला दाब वाचून घ्यावा. या यंत्रात साडेतीनशे व्होल्टच्या आसपास दाब खेळत असतो, आणि तेथे सामान्य ट्रान्झिस्टर-मंडलांतील पन्नास व्होल्टचा कंडेन्सर बसविणे म्हणजे फटाका लावणेच होय. मुख्य ट्रान्सफॉर्मर हा ऐवजाचा सर्वांत महाग भाग. अमेरिकेत वीज १२० व्होल्टची आणि सेकंदास ६० आवर्तनांची, आपल्याकडे २३० व्होल्टची आणि ५० आवर्तनांची. आवर्तने कमी झाली की तेवढ्याच दाबास गाभ्यात लोखंड अधिक लागते, म्हणून अमेरिकी नमुन्याची आंधळी नक्कल न करता तपशील लिहून देऊन तो गुंडाळून घ्यावा: दुय्यम बाजूस ३२५-०-३२५ व्होल्ट, कॅथोड तापविणाऱ्या तंतूंसाठी ६.३ व्होल्ट, आणि ५वाय३ या एकदिशकारी व्हॉल्व्हसाठी ५ व्होल्ट.

या ५वाय३बद्दल एक समज फार पसरलेला आहे. जोरात वाजविले असता तो दाब किंचित खचवितो, आणि त्यामुळे स्वराला एक लवचीक झोका मिळतो, असे म्हणतात. दोन किंवा चार शक्तिशाली व्हॉल्व्हच्या मोठ्या यंत्रांत ते खरेही आहे. परंतु चॅम्पमधील ६व्ही६ शांततेतही जवळजवळ तेवढाच प्रवाह ओढीत असतो, मग दाब खचावा कशाने? माझ्या मते येथे त्या झोक्याचे बरेचसे श्रेय आठ इंची स्पीकरास आणि उरलेले ऐकणाऱ्याच्या श्रद्धेस द्यावे.

बांधणीत घाईला वाव नाही. फेंडरच्या कारखान्यात स्त्री-कामगार भोके पाडलेल्या एका तंतुफलकावर सारे भाग ओळीने झाळीत असत, आणि जुन्या यंत्रांच्या चेसिसमध्ये आजही एखादीचे नाव लिहिलेली कागदी चिकटपट्टी सापडते. तीच पद्धत हौशी माणसाने उचलावी, कारण फलकावर प्रत्येक भाग डोळ्यांना दिसतो आणि मोजणीची सळई त्यावर टेकविता येते. तंतूंना जाणाऱ्या दोन तारा एकमेकींभोवती घट्ट पिळून चेसिसच्या कोपऱ्यातून न्याव्यात, पहिल्या व्हॉल्व्हच्या जाळीकडे जाणारी तार शक्य तितकी आखूड ठेवावी, आणि जमिनीच्या जोडण्यांचा बंदोबस्त मनास येईल तेथे न करता विचारपूर्वक करावा. यात कसूर झाली की यंत्र गुणगुणते. पन्नास आवर्तनांची खर्जातली गुणगुण असेल तर संशय तंतूंच्या तारांवर घ्यावा; शंभर आवर्तनांची खरखरीत गुणगुण असेल तर दाब सपाट करणाऱ्या कंडेन्सरांकडे पाहावे. ती थांबावी म्हणून अवाढव्य कंडेन्सर जोडण्याचा मोह मात्र आवरावा, कारण सुरुवातीस तो भरताना ५वाय३वर जो भार पडतो, तो त्यास सोसत नाही.

धोक्याविषयी आडपडदा ठेवण्यात अर्थ नाही. विजेची गुंडी बंद करून प्लग काढल्यावरही कंडेन्सरांत प्राणघातक दाब शिल्लक राहू शकतो. म्हणून आत हात घालण्यापूर्वी मोठ्या क्षमतेच्या रेझिस्टरमधून तो रिता करावा, मल्टीमीटरने तो शून्यास आल्याची खात्री करावी, आणि चालू यंत्रात मोजणी करणे भागच असेल तेव्हा एक हात खिशात ठेवावा, म्हणजे एका हातातून शिरून दुसऱ्या हातातून जाणाऱ्या प्रवाहास छातीतून वाट मिळत नाही. चेसिसला अर्थिंगची तार पक्क्या बोल्टने जोडलेली असावी. विजेच्या कामाची अजिबात सवय नसलेल्याने जाणत्या माणसाशेजारी बसल्यावाचून हे काम करू नये.

पहिल्यांदा वीज सोडताना आपल्याकडच्या वायरमनांचा सिरीज बोर्ड फार उपयोगी पडतो. शंभर वॅटचा तंतूचा दिवा यंत्राच्या रांगेत जोडला असता, आत कोठे दोन तारा चिकटलेल्या असल्या तर दिवा भगभगून पेटतो आणि ट्रान्सफॉर्मर वाचतो. सारे ठीक असेल तर तो क्षणभर उजळून मंद होतो. स्पीकर जोडल्यावाचून मात्र कधीही यंत्र चालू करू नये, नाही तर आउटपुट ट्रान्सफॉर्मरमध्ये दाब उसळून त्याचे आवरण फुटते. मग दिवा काढून हिशेब करावा. ६व्ही६च्या कॅथोडखाली ४७० ओहमचा रेझिस्टर असतो. त्यावर १९ व्होल्ट भरले, तर ओहमच्या नियमाने प्रवाह सुमारे ४० मिलिअँपियर. प्लेट आणि कॅथोड यांच्यामधला दाब ३२० व्होल्ट धरल्यास, जाळ्यांना जाणारा लहानसा वाटा वगळून, व्हॉल्व्ह बारा वॅटच्या आसपास उष्णता पचवीत आहे असे ठरते. ६व्ही६जीटीची मर्यादाही साधारण तेवढीच. आकडा फार वर गेला आणि प्लेट अंधारात तांबडी दिसू लागली, तर रेझिस्टर थोडा मोठा घालावा. शाळेत पाठ केलेल्या त्या नियमाचा असा रोकडा उपयोग फार थोड्या छंदांत होतो.

राहता राहिला प्रश्न पाच वॅटचा. बाजारात शंभर वॅटच्या पेट्या पाहिलेला मनुष्य हा आकडा ऐकून नाक मुरडतो. परंतु आपल्या कानाचा हिशेब निराळा आहे, त्यास दुप्पट मोठा वाटणारा आवाज काढण्यासाठी शक्ती सुमारे दसपट लागते, म्हणजे पन्नास वॅटचे यंत्र चॅम्पच्या जेमतेम दुप्पट मोठे वाटेल. शिवाय ती गोड जवारी खुंटी बरीच पुढे नेल्यावाचून लागत नाही, आणि तेथवर गेलेला चॅम्प चाळीच्या किंवा सोसायटीच्या भिंती मानीत नाही. म्हणूनच पहिले यंत्र पुरे झाल्यावर हौशी लोक जे दुसरे काम हाती घेतात, ते बहुधा ध्वनिवर्धक आणि स्पीकर यांच्यामध्ये बसवावयाच्या, शक्ती उष्णतेत जिरविणाऱ्या, जाड रेझिस्टरांच्या पेटीचे असते.